हाताला येईल अशी तुती

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आमचे हे मला उठता-बसता ऐकवायचे. खोटं नव्हतं ते. पण मी काही जन्माची भित्री नव्हे. माहेरी विहिरीत काठावरून उड्या मारणारी मुलगी होते. भीती माझ्या पोटात शिरली ती लेकीच्या तापाबरोबर. दीड वर्षाची असताना तिला तीन दिवस ताप आला, चौथ्या दिवशी उतरला, आणि जाताना तिचा डावा पाय घेऊन गेला. पोलिओ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ते तीन दिवस मी ‘होईल बरी’ म्हणत धुणीभांडी करत राहिले होते, हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. त्यानंतर ती नुसती शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून बघायची.

आम्ही तेव्हा कोल्हारला, पाटबंधारे खात्याच्या दोन खोल्यांत राहायचो. ह्यांचं काम पाटावर, सकाळी सायकल काढली की संध्याकाळीच घरी. मागे चार खाटा मावतील एवढं परस होतं. गल्लीतली मुलं बोरीवर चढायची, चिंचेवर चढायची, आणि माझी पोर खाली बसून वर बघायची. कुणी टाकलं तर तिला मिळायचं, आणि टाकलेलं बहुधा किडकंच असायचं. ते बघून मी ठरवलं, हिला बसल्या जागेवरून स्वतःच्या हाताने तोडता येईल असं एक तरी फळझाड आपल्या दारी हवं.

मागच्या गल्लीत एक चाची राहायच्या. त्यांचे मालक बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे. चाचींच्या अंगणात दोन तुती होत्या, एक छपरापर्यंत गेलेली आणि एक कमरेइतकी. काडी मागायला गेले तेव्हा मी मोठ्या पानांना भुलून उंच झाडाकडे हात केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“ती नको. तिची फळं पाखरं खात्यात. ही बुटकी ने, हिची पोरं खातील.”

मग त्यांनी दोन्ही फांद्या शेजारी धरून दाखवल्या. उंच झाडाच्या फांदीवर डोळे, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या गाठी, लांब लांब होते, बुटकीच्या फांदीवर जवळ जवळ. बोटाएवढी जाड काडी घ्यायची, चार डोळ्यांची. दोन डोळे मातीत, दोन वर.

“आन् फळ सरलं का छाटायची. तवा माया करायची न्हाई. वाढू दिली तर हाताबाहेर जाती,” त्या म्हणाल्या.

मी दोन काड्या लावल्या, एक न्हाणीच्या पाण्यावर आणि एक भिंतीलगत. दोन्ही फुटल्या. पुढच्या साली पावसाने तोंडच दाखवलं नाही. पाटाचंही पाणी आटलं. मी पोरीला झाडाच्या आळ्यात बसवून आंघोळ घालायची, म्हणजे तांब्याभर पाणीसुद्धा वाया जायचं नाही. एक दिवस ह्या झाडाशी, एक दिवस त्या झाडाशी. अशी ती दोन झाडं जगली. हिवाळा सरता सरता त्यांना पहिलं फळ धरलं. आधी हिरवं, मग लाल, मग काळं. पोर बसल्या बसल्या सरकत गेली, फांदी वाकवली, एक काळं फळ ओढलं आणि तोंडात टाकायच्या आधी माझ्याकडे वळून बघितलं. मला रडूच आलं.

आठ दिवसांत भिंतीलगतच्या झाडावर कापसासारखे पांढरे चिकट किडे दिसायला लागले. हे किडे दुसऱ्या झाडावर गेले तर? झालं, माझ्या डोक्यात घण पडायला लागले. विचारायला घरात कुणी नव्हतं. फळीवर खाटेतल्या ढेकणांची पावडर होती. खाटेतले मरतात तर झाडावरचे का मरणार नाहीत, एवढाच विचार मी केला. फडक्यात पावडर बांधून फांद्यांवर आपटली. पोरीला बोट दाखवून बजावलं, “ह्या झाडाला हात लावायचा नाही. अजिबात.” का, ते सांगितलं नाही. विष हा शब्द तिच्यासमोर काढायचीसुद्धा मला भीती वाटली.

तेवढ्यात टँकर आल्याची ओरड झाली. कळशी उचलून मी पळाले.

परत आले तेव्हा पोर दोन्ही झाडांच्या मधोमध बसली होती. ओठ, हनुवटी, दोन्ही हात, झगा, सगळं काळंजांभळं. माझ्या हातातली कळशी सुटली. दुष्काळातलं पाणी सांडलं आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

“कुठल्या झाडाची खाल्लीस? बोल. कुठल्या झाडाची?”

मी तिला गदागदा हलवत होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड गच्च मिटून घेतलं. मी तिच्या हातांचा वास घेतला. पावडरीचा वास येत होता. मग लक्षात आलं, तो माझ्याच हातांना येत होता, पदराला येत होता. तिचा कुठला आणि माझा कुठला, कळायला मार्ग नव्हता. तिला उचलून मी चाचींकडे धावले.

चाचींनी सगळं ऐकून घेतलं आणि पोरीला माझ्याकडून काढून मांडीवर घेतलं.

“तू आधी गप बस. तुझ्या वरडण्यानं तिची वाचा बसली,” त्या मला म्हणाल्या. मग तिचं तोंड पुसत विचारलं, “लई ग्वाड हुती का गं? भिंतीजवळची का न्हाणीजवळची?”

तेव्हा पोर बोलली. “न्हाणीजवळची. भिंतीजवळचं झाड आईचं हाय. आईला एकटीला पायजे ते. मी न्हाई खाल्ली आईची.”

तिला वाटलं होतं, मी ते झाड माझ्यासाठी राखून ठेवलं.

तरी चार वर्षांच्या पोरीच्या बोलण्यावर भरवसा कसा ठेवणार? चाची आणि मी तिला हमरस्त्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. दिवेलागणीपर्यंत नजर ठेवा, झटका आला तर घेऊन या, ते म्हणाले. त्या दुपारी मी तिच्या पापण्यांवरून नजर काढली नाही. तिने कूस बदलली तरी मी तिच्या नाकापुढे बोट धरून बघायची. दिवे लागले तेव्हा ती उठून बसली आणि तिने भाकरी मागितली. कामावरून आल्यावर ह्यांनी त्या दिवशी ब्रह्मराक्षसाचं नाव काढलं नाही. भिंतीलगतचं झाड उपटून टाकलं.

दुसरं झाड राहिलं. त्याची पहिली पिकलेली फळं दर वर्षी मी खायची, दोन-चार तास थांबायची, आणि मगच तिला द्यायची. तिने कारण विचारलं नाही. ते आपल्याला लहानपणीच कळलंय, असं तिला वाटायचं.

आता तिच्या गॅलरीत कुंडीत बुटकी तुती आहे. फळ सरलं की ती स्वतः छाटते, माया न करता. आणि पहिली फळं वाटीत घालून काठी टेकत टेकत माझ्याकडे आणते. नातवंडांनी हात घातला तर दटावते, “थांबा रे. आधी आजीला. तिला तुती फार आवडते.”

मला तुती कधीच आवडली नाही. अजूनही प्रत्येक फळाला मला त्या पावडरीचा वास येतो. मी वाटीतली सगळी खाते, आणि मग मुलांना जरा वेळ थांबायला सांगते.