सरांना कॅरम येत नाही

"मला कॅरम येत नाही हं," असं बजावून सर खुर्ची पुढे ओढायचे आणि पहिल्याच फटक्यात दोन सोंगट्या घ्यायचे.

सर आमच्या सोसायटीत राहत. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि वर्षभरातच त्यांच्या मेंदूला सूज आली. जीव वाचला, जुनं सगळं लख्ख राहिलं. पण आजारानंतर घडलेलं काही म्हणता काही डोक्यात टिकेना. मी बडोद्याला राहायला आलो तो त्यानंतर, म्हणजे मी त्यांना रोज नवा. मकरपुऱ्याच्या कारखान्यात आहे, हे सांगून सांगून कंटाळलो आणि एकदा वाघ सांभाळतो म्हणून ठोकून दिलं. वाघाच्या दातांवर ते इतकं सुरेख बोलले, की दुसऱ्या दिवशी मी सिंह सांभाळायला घेतले.

आजारापूर्वी त्यांनी कॅरमला हातही लावला नव्हता. वेळ जावा म्हणून त्यांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, बोर्ड आणला आणि शिकवणं माझ्याकडे आलं. नियम मी रोज पहिल्यापासून सांगायचो. बोटं मात्र आपली आपण शिकत होती. चार-सहा महिन्यांत सर मला हरवायला लागले आणि वर माझीच समजूत काढायचे, "नवशिक्याला कधीकधी लागतं."

सोसायटीच्या स्पर्धेत ते अंतिम फेरीत पोचले. समोर रमेशभाई, आमचे जुने विजेते. सरांनी पुन्हा आपल्याला कॅरम येत नसल्याचं सांगितलं आणि लागोपाठ पाच सोंगट्या घेतल्या. रमेशभाई उठलेच. "आ भूलकणा नथी, उस्ताद छे," ते म्हणाले. विसरभोळेपणा हे सोंग आहे, माणसाला बाद करा, असा त्यांनी हट्ट धरला. वहिनींचा चेहरा उतरला.

कुणाविषयी चाललंय हे सरांना कळलं नाही, पण मुद्दा कळला. ते वर्गात उभे राहावेत तसे उभे राहिले. कानामागे बोट टेकवून म्हणाले, इथे आत हिप्पोकॅम्पस असतो, समुद्रघोड्याच्या आकाराचा. काल काय झालं, कोण भेटलं, हे तो साठवतो. दोन्ही बाजूंचा गेला की नवी आठवण राहत नाही. पण हाताचं कसब वेगळीकडे मुरतं, मेंदूच्या खोल गाठींत आणि मागच्या लहान मेंदूत. तेव्हा रोज खेळून माणूस तरबेज होईल आणि आपण कधी खेळलोच नाही असं शपथेवर सांगेल. दोन्ही खरं.

मग सरांनी वहिनींना विचारलं, "पेशंट कोण आहे?"

"तुम्हीच," वहिनी म्हणाल्या.

सर बोर्डाकडे वळले. "मग त्याला खेळू द्या," म्हणाले आणि बसले.

ते जिंकले. रमेशभाईंनीच कप हातात दिला. पुढे रोज सकाळी तो कप कुणाचा म्हणून ते विचारत, आणि वहिनींनी तुमचाच असं सांगितलं की चांगली थट्टा केलीस म्हणून हसत.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी दोघांना पुण्याला घेऊन गेली. गाडीत सामान भरून झालं. मी खिडकीशी वाकून नमस्कार केला, त्यांनी अनोळखी माणसाला करावा तसा परत केला. काच वर जाता जाता त्यांनी वहिनींना विचारलेलं मला ऐकू आलं, "हे गृहस्थ कोण गं? यांना सोडून जायला बरं वाटत नाही."