आत्याचे डोलीवाले दादा

महाडपासून पोलादपूरपर्यंत दवाखाने होते, वैद्य होते, तेल चोळून देणारे तर गावोगाव होते. पण गुडघ्याचं दुखणं ज्याला मुळापासून कळलं असा माणूस या मुलखात एकच होऊन गेला, आणि तो डोली वाहत होता. पाचाडहून रायगडावर माणसं नेणारे आमच्या आत्याचे हे डोलीवाले दादा. अंगावर मांस औषधालाही नव्हतं, पण त्यांच्या उजव्या खांद्याला जे कळे ते वजनकाट्यालाही कळत नसे. महाडच्या एका लठ्ठ भातव्यापाऱ्याने गंमत म्हणून डोलीत बसून आपलं वजन विचारलं. दादा चार पावलं चालले आणि म्हणाले, "दोन मण सव्वीस शेर. तोंडातला पान थुकलाव तर थोडा कमी." व्यापाऱ्याने घरी जाऊन स्वतःच्या काट्यावर खात्री केली आणि महिनाभर दादांशी बोलणं टाकलं. पुढे सरकारने किलो आणले, बाजाराने निमूट मान तुकवली. दादांचा खांदा मात्र शेरांतच राहिला.

आत्या महाडात राहायची आणि मी, हायस्कुलात नवा लागलेला मास्तर, तिच्याकडे. दर चैत्रात आळीतल्या बायका गडावर जगदीश्वराला जात. गुडघे धरल्यापासून आत्या डोलीतून जायची. त्या वर्षी तिला खाली उतरवताना दादा सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "वयनी, गेल्या सालापास्नं सात शेर वजन वाढलाय." आत्या आधी रडवेली झाली, मग भडकली. "माणसांच्या खांद्यावरून जायचं ते एकदाच, आणि त्याला अजून अवकाश आहे! पुढच्या वर्षी मी माझ्या पायांनी चढणार." वजन उतरवा, नाहीतर अंथरूण धराल, असं डॉक्टरांनी तिला बजावलंच होतं. पण ते ऐकून ती घरी येई आणि भाताचा दुसरा ढीग वाढून घेई. दादा शांतपणे म्हणाले, "चढा. मी हाय."

त्यांनी काय करावं? एका डॉक्टरांना गडावर नेताना पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत गुडघ्यांबद्दल प्रश्न विचारले. डोलीत बसलेला माणूस पळणार कुठे! वर पोहोचेपर्यंत डॉक्टर घामाघूम आणि दादा तयार वैद्य. मग दर बाजारच्या दिवशी ते एसटीने महाडला येऊन आमच्या ओटीवर हजर. आत्याला बाकावर बसवायचं, पाय सरळ उचलायला लावायचा, दहा अंक मोजेपर्यंत धरायला लावायचा. सवय झाली तशी घोट्याला वाळूची पिशवी. जेवायच्या वेळी आले तर ताटात डोकावून पाहत. "भात निम्मा करा वयनी. कुळथाचा पिठला घ्या जरा." वजन मात्र ते खांद्यावरच करत. साथीदारांना घेऊन महिन्यातून एकदा डोली आणत आणि आत्याला आळीच्या टोकापर्यंत फिरवत. शिमग्यानंतरच्या फेरीत दोन पावलांत थांबले. "पोळ्या झाल्या. पाच तरी." आत्याने सहा कबूल केल्या.

साथीदार कुरकुरत, की आपलंच गिऱ्हाईक आपण चालतं करतोय. दादा म्हणत, "जी बाय चढू शकते, तिला उचलण्यात कसली मर्दुमकी रे?"

चैत्र आला. आत्या हातात काठी घेऊन उजाडताच पायथ्याशी उभी. दादा तिच्या एक पायरी खाली, मागून रिकामी डोली. अर्ध्या वाटेत गुडघा अडला. आत्याने डोलीकडे पाहिलं. "बसायचा तर बसा," दादा म्हणाले. "कोन कायबी बोलनार नाय. यवढी आलाव तीच मोठी गोष्ट हाय." ती बसली, पण दगडावर. पाणी प्यायली, पाय ताठ केला, उठली. दुपार कलायच्या आत तिने जगदीश्वराचा उंबरा ओलांडला. दादा बाहेर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगत होते, "चालत आली! माझी वयनी चालत आली!" माझाही ऊर भरून आला. शाळेचा निकाल शंभर टक्के लागला असता तरी मी इतका फुशारलो नसतो.

उतरताना दादा मागे पडले. वळून पाहतो तर भिंतीला हात टेकून, अंग तिरकं करून ते एकेक पायरी उतरत होते. धोतराखाली दोन्ही गुडघे सुजलेले. मी थट्टेने म्हटलं, "दादा, आता तुमचं वजन उतरवायला हवं."

ते हसले. "माझ्याकडं उतरवण्यासारका काय हाय रे मास्तर? हे झिजले ते लोकांच्या वजनानं."

आत्याने ते ऐकलं. घरी पोहोचल्यावर बायका तिचं कौतुक करायला जमल्या. सगळ्या गेल्यावर ती मला म्हणाली, "वर्षभर तो माणूस माझे गुडघे बघत होता. मी एकदा तरी त्याचे बघायला हवे होते."