अर्ध्या क्रेडिटचं पाणी

ब्लिया थाव खिडक्यांच्या कारखान्यात काचांच्या कडांना रबर बसवायची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या त्या नदीकाठच्या गावात येऊन तिला वीसेक वर्षं झाली होती, पण नदीवरचा पूल तिने एकदाही पायी ओलांडला नव्हता. गाडीतून जाताना पूल आला की ती मांडीवरच्या पिशवीत मान घालून काहीतरी शोधत बसायची. उन्हाळ्यात शेजारचे लोक पोराबाळांना घेऊन तळ्यावर जायचे तेव्हा तिची चारही मुलं काकडीच्या शेतात असायची. का-यिंग सगळ्यांत मोठी. पाण्यात पाय सोडून बसलेली का-यिंग कुणी कधी पाहिली नव्हती.

का-यिंगच्या शाळेच्या शेवटच्या वर्षी, फेब्रुवारीत, शाळेतून बोलावणं आलं. समुपदेशक कोल्पाकबाईंच्या खोलीत मायलेकी शेजारी शेजारी बसल्या. नेहमीप्रमाणे दुभाषाचं काम लेकीकडेच होतं.

"शाळा पूर्ण व्हायला, वर्षभराच्या विषयाला एक, असे तेवीस क्रेडिट लागतात," कोल्पाकबाई म्हणाल्या. "का-यिंगचे साडेबावीस आहेत. इंग्रजी, गणित, विज्ञान सगळं उत्तम आहे. शारीरिक शिक्षणाचे मात्र दीड हवेत आणि तिचा एकच भरलाय."

का-यिंग आईकडे वळली. "व्यायामाचा अर्धा कमी पडतोय, आई."

"अर्धा काय, तास? मग बस आज आणि करून टाक."

"तास नाही गं. एका सत्राचा अख्खा विषय."

"दरवर्षी तर जातेस व्यायामाला."

कोल्पाकबाईंनी काय चाललंय ते ओळखलं असावं. त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागल्या. त्या सत्रात पोहणं होतं. दरवर्षी पोहण्याचे दिवस आले की घरून आईची चिठ्ठी यायची, की मुलीला पाण्यात उतरवू नका. शाळेने ती दरवर्षी मान्यही केली होती.

यावर ब्लियाने लेकीची वाट पाहिली नाही. "एक्सक्यूज्ड," ती स्वतःच इंग्रजीत म्हणाली. कारखान्यात रजा मंजूर झाली की मुकादम हाच शब्द लिहायचा. "शाळेनेच लिहिलंय तसं. माफ."

"गैरहजेरी माफ," कोल्पाकबाई म्हणाल्या. "विषय माफ नाही. तो फक्त पुढे ढकलला जातो. आणि आता ढकलायला पुढे वर्षच उरलं नाही."

ब्लिया लेकीकडे वळली. मग घरच्या हमोंग भाषेत म्हणाली, "विचार त्यांना, हे आम्हाला कधी सांगितलं?"

"दर वर्षी पत्र पाठवतो आम्ही," का-यिंगने विचारल्यावर बाई म्हणाल्या.

"कुठल्या भाषेत?"

आईचा हा प्रश्न का-यिंगने पुढे पोहोचवलाच नाही. ती बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिली.

मार्ग दोनच होते. वसंताच्या सत्रात रोज शेवटच्या तासाला पोहण्याचा वर्ग भरणार होता, त्यात नाव घालायचं. नाहीतर डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणायचं आणि बदल्यात दुसरा काहीतरी अभ्यास करून द्यायचा. पण प्रमाणपत्रात आजार खरा लागणार होता. हा विषय राहिला तर जूनमध्ये शाळा पूर्ण झाल्याचा डिप्लोमा मिळणार नव्हता, आणि डिप्लोमा नाही तर नर्सिंग कॉलेजातली जागाही जाणार होती आणि शिष्यवृत्तीही.

गाडीत बसल्यावर ब्लियाने किल्ली फिरवली नाही. "तुला माहीत होतं."

"दहावीपासून," का-यिंग म्हणाली. "पत्रं मीच वाचायची ना."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कधी सांगणार होते? पाण्याचं नाव काढलं की तू जेवणावरून उठतेस. एकदा शेजारच्या बाईंनी तळ्यावर बोलावलं तर आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हतीस."

"डॉक्टरचा कागद आण. तुझ्या काकांच्या ओळखीचा आहे एक."

"मला काय झालंय म्हणून सांगायचं?"

"कान दुखतो म्हण."

घरी नवरा, न्या लोर, स्वयंपाकघरात भाताची टोपली उतरवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. "मीही त्याच नदीतून आलोय, ब्लिया," तो हळूच म्हणाला. "पोरगी नापास झाली तर चालेल तुला?"

"जिवंत तर राहील."

घरात त्या नदीबद्दल कुणी बोलत नसे. मुलांना एवढंच माहीत होतं की आईबाबा लहानपणी युद्धानंतर लाओसमधून पळाले, मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावणीत पोहोचले आणि तिथून इथे आले. का-यिंगने लहान असताना एकदा विचारलं होतं, तेव्हा ब्लियाने तिच्या हातात कोथिंबिरीची जुडी दिली होती, निवडायला.

काही दिवसांनी ब्लियाने विचारलं, "दिलास का कागद?"

"दिला," का-यिंग म्हणाली. मान वर न करता.

मार्च संपत आला. एका संध्याकाळी ब्लिया जेवायला वाढत होती. लेकीच्या मागून वाकून तिने मोहरीच्या पाल्याचा वाडगा ठेवला आणि तशीच थबकली. का-यिंगच्या केसांना वास होता. साबणाने दोनदा धुऊनही न गेलेला, क्लोरिनचा, फरशी पुसायच्या औषधासारखा. ब्लियाने मुलांना वाढलं, स्वतःही चार घास खाल्ले, भांडी घासली. का-यिंगने मात्र दोनदा आईकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ब्लियाने मुकादमाला सांगितलं की मुलगी आजारी आहे, आणि कारखान्याच्या बुटांतच ती शाळेत गेली. कार्यालयातल्या बाईने तिच्या छातीवर पाहुण्याची चिठ्ठी चिकटवली आणि रस्ता दाखवला. लांबच लांब कॉरिडॉर. टोकाला जड दार. ते ढकलताच कोंदट, ऊबदार हवा अंगावर आली आणि आवाज एकदम मोठे झाले.

तलाव तिच्या कल्पनेपेक्षा मोठा होता. पलीकडच्या खोल टोकाला सात-आठ मुलं काठ धरून होती. पोहणं शिकवणारे राडके सर, गळ्यात शिट्टी अडकवलेले, त्यांना काहीतरी सांगत होते. निळ्या टोपीतली का-यिंग ब्लियाला लगेच ओळखू आली. सरांनी तळाशी जाऊन वर आणायची एक रबरी वीट पाण्यात टाकली. का-यिंगने श्वास घेतला, पाय वर गेले, आणि ती दिसेनाशी झाली. तिच्यावर पाणी मिटलं आणि सपाट झालं.

ब्लियाने ते सपाट पाणी आधी पाहिलं होतं. तेव्हा ती सात वर्षांची होती. पहाटेच्या धुक्यात तिच्या काखांखाली बांबूच्या मोळ्या बांधल्या होत्या आणि थोरली बहीण येर तिला मागून ढकलत होती. येरच्या वाट्याला बांबू कमी आले होते. "पाय मारत राहा," येर म्हणत होती, पुन्हा पुन्हा. मग ते म्हणणं थांबलं. ब्लियाने वळून पाहिलं तेव्हा मागे फक्त नदी होती, कुणी तिथे कधी नव्हतंच असं वाटावं इतकी गुळगुळीत.

ती धावली नाही, ओरडलीही नाही. जवळच्या उथळ टोकाला पायऱ्या होत्या, त्या ती उतरली. बूट, पँट, कारखान्याचा अंगरखा, सगळ्यासकट. पाणी गुडघ्यांवर आलं, कमरेवर आलं, छातीशी आलं. एका हाताने कठडा घट्ट धरून ती दुसऱ्या हाताने पाणी बाजूला सारत होती, जणू त्याखाली काही सापडणार होतं.

राडके सरांची शिट्टी वाजली. "बाई, बाहेर या. बाई!"

खोल टोकाला का-यिंगचं डोकं वर आलं, हातात वीट होती. तिने आईला पाहिलं. वीट सोडून ती निघाली, हात वेडेवाकडे मारत, मधल्या दोरीला एकदा धडकून. आईजवळ पोहोचल्यावर तिने पाय टेकले.

"आई, मी इथे आहे. बघ ना. इथे आहे मी."

ब्लियाने तिचा दंड धरला आणि तो इतका आवळला की वळ उठले. सरांनी दोघींना वर काढलं, टॉवेल दिले. रागावले असणार, पण आवाज चढवला नाही त्यांनी. "आजचा सराव धरता येणार नाही," ते का-यिंगला म्हणाले. "परीक्षा शुक्रवारी. आईंना यायचं असेल तर बाकावर बसतील. पाण्यात नाही."

गाडीत हीटर लावून दोघी बसून राहिल्या. ब्लियाच्या बुटांतून पाणी गळत होतं. मग तिने येरबद्दल सांगितलं. कुठलीच गोष्ट रंगवली नाही. बांबू किती होते, धुकं किती होतं, छावणीत पोहोचल्यावर ब्लियाच्या आईने पुन्हा ते नाव घ्यायचं नाही म्हणून बजावलं होतं, एवढंच. का-यिंग रडत होती. ब्लिया रडत नव्हती.

"तळाशी गेल्यावर डोळे उघडे ठेवतेस?" तिने शेवटी विचारलं.

"हो."

"काय दिसतं?"

"फरशी. आणि वर दिवे. वर कुठे यायचं ते दिसतं, आई."

शुक्रवारी ब्लिया बाकावर बसली. लेकीला तलावाची लांबी दोनदा पार करायची होती, मग काही वेळ जागच्या जागी तरंगायचं होतं. जाताना का-यिंग नीट गेली. येताना अर्ध्यावर तिचा दम तुटला आणि तिने दोरी पकडली. राडके सरांनी नकारार्थी मान हलवली. "विश्रांती घे. अजून एक संधी देतो, आजच. त्यानंतर मात्र वर्ग संपतोय."

का-यिंग काठावर धापा टाकत होती. ओठ निळे पडले होते. तिने बाकाकडे पाहिलं, आणि ब्लियाच्या लक्षात आलं की पोरगी पाण्याकडे कमी आणि आपल्याकडेच जास्त बघतेय. आपला चेहरा कसा झाला असेल, हे तिला आत्ता पहिल्यांदा जाणवलं.

ती उठली आणि काठाशी गेली. सर काही बोलणार होते, ते थांबले. लेक निघाली तशी ब्लिया काठाकाठाने तिच्या बरोबरीने चालायला लागली, पाण्यापासून पाऊलभर अंतरावर. ओल्या फरशीवर एकदा पाय घसरला, पण ती थांबली नाही. "पाय मार," ती हमोंगमध्ये म्हणत होती. "मारत राहा. मी आहे." जाताना म्हटलं, येतानाही म्हटलं. अर्ध्यावर का-यिंग पुन्हा मंदावली, तोंडात पाणी गेलं, ती खोकली. दोरी हाताशी होती. तिने ती धरली नाही.

भिंतीला हात लागला. मग तरंगणं झालं, ते ब्लियाला त्या सगळ्यापेक्षा लांब वाटलं. सरांनी घड्याळ दाबलं आणि म्हणाले, "झालं." ब्लिया तिथेच ओल्या फरशीवर बसली, आणि तिला उठवायला दोघांना हात द्यावे लागले.

जूनमध्ये का-यिंगचं नाव मंचावरून चुकीच्या उच्चाराने पुकारलं गेलं आणि तिला डिप्लोमा मिळाला. घरी नातेवाइकांनी तिच्या मनगटांना आशीर्वादाचे पांढरे दोरे बांधले. त्या दिवशी न्या लोरने सगळ्यांसमोर येरचं नाव घेतलं आणि तिच्यासाठी भात वेगळा काढून ठेवला. ब्लियाने अडवलं नाही.

पुढे शनिवारच्या बाजारात तिच्या भाजीच्या टेबलाशी हमोंग बाया शाळेचे प्रश्न घेऊन थांबायला लागल्या. कुणाचा मुलगा दुसऱ्या गावाहून आलेला, तिथले क्रेडिट इथे धरतात का? कुणाची मुलगी आजारपणात दोन महिने घरी. ब्लियाला सगळं ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलं की ती तसं सांगायची आणि सोमवारी कोल्पाकबाईंना फोन लावायची. "पत्र आलं की पोरांकडून वाचून घेऊन गप्प बसू नका," ती म्हणायची. "माफ म्हणाले तर विचारा, नेमकं काय माफ." एक-दोघींना तिचं हे बोलणं आगाऊपणाचं वाटे आणि त्या मिरच्या न घेताच पुढे जात.

दोन वर्षांनी धाकटीचे पोहण्याचे दिवस आले. ब्लियाने चिठ्ठी लिहिली नाही. पण ते दिवस संपेपर्यंत ती कारखान्यात दुपारचा डबा उघडत नसे. धाकटी घरी आली, केसांना तो वास आला, की मग बसून जेवायची.