टायरच्या आतून बोट

आमच्या सायकल ग्रुपमधले मामा सल्ला द्यायच्या आधी डोळे मिटतात. मग बोट हवेत गोल फिरवत म्हणतात, "नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरव पा. काटा आतच बसलेला असतो." मामा तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी तमिळच्या चालीवर डुलतं आणि प्रत्येक वाक्याला 'पा'ची शेपटी असते. मी बार्शीचा, इकडे तमिळ मुलखात गिंडीला नोकरीला. दर रविवारी मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर चहा पिताना मी त्यांची हुबेहूब नक्कल करतो, आणि सगळ्यांत मोठ्यानं मामाच हसतात.

परवा आम्ही सायकलींवर तंबू बांधून मुक्कामाला निघालो. माझी पहिलीच वेळ. महाबलीपुरमच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. मी रुबाबात ट्यूब बदलली, हवा भरली, आणि शंभर पावलांवर फुस्स! जवळची एकुलती एक ट्यूब गेली. बाकीचे केव्हाच पुढे गेलेले. आता टेम्पोत सायकल टाकून परत जायचं, एवढंच उरलं होतं.

मामा तेवढे माझ्यासाठी मागं थांबले होते. मी फुटकी ट्यूब टायरमधून ओढून काढली. त्यांनी पिशवीतून स्वतःची शेवटची ट्यूब काढली, पण हातात देईनात.

"आधी माझी नक्कल कर पा."

"आत्ता?"

"आत्ताच. डोळे मीट."

मी डोळे मिटून बोट उचललं. मामांनी हळूच माझा हात धरला आणि बोट टायरच्या आत घातलं.

"हं, आता बोल."

"टायरच्या आतून बोट फिरव पा, काटा आतच... आई गं!"

"आज बरोबर जमली," मामा म्हणाले आणि ट्यूब माझ्या हातात ठेवली.