टाकीकडे सरका, निंबाकडे सरका

आता हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते. त्या दिवशी सौंसरच्या मैदानावर जे झालं, त्यात पोट्ट्यांची काडीची चूक नव्हती. सगळी चूक माझी.

झालं असं, की आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेत मुलींची फुटबॉल टीम आहे, आणि खेळाच्या सरांची बदली झाली. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये नजर फिरवली. सगळ्यांनी झटकन वह्यांत डोकं घातलं. मी तेवढी आरामात चहा पिऊन राहिली होती.

"मॅडम, टीम तुमच्याकडे. अन् यंदाही हरलो ना, तर टीम बंद! मैदानावर सायकल स्टँड करून टाकू."

मला फुटबॉलमधलं काय कळते? पण मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि रोग सापडला. बॉल दिसला की आमच्या पोट्ट्या गुळावर माश्या बसाव्या तशा सगळ्या एका जागी. मागे गोलमध्ये कोमल एकटी. व्हिडिओतला माणूस म्हणे, बचावातल्या चौघींनी एका ओळीत राहायचं, आपसातलं अंतर सोडायचं नाही, आणि बॉल ज्या बाजूला त्या बाजूला चौघींनी मिळून सरकायचं.

सोपं आहे ना? मी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि ओरडली, "उजवीकडे!"

दोघी त्यांच्या उजवीकडे पळाल्या, दोघी माझ्या. मधल्या दोघींची कपाळं एकमेकींवर अशी आपटली की आवाज स्टाफरूमपर्यंत गेला.

"मॅडम, कोणाची उजवी?" कॅप्टन रोशनी कपाळ चोळत बोलली.

तेव्हा मला युक्ती सुचली. आमच्या मैदानाच्या एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला निंबाचं झाड. म्हटलं, उजवं-डावं गेलं खड्ड्यात! "टाकीकडे!" म्हटलं की चौघी टाकीकडे. "निंबाकडे!" म्हटलं की चौघी निंबाकडे. पंधरा दिवसांत अशा सरकू लागल्या बाप्पा, जशा एकाच ओढणीला बांधल्या. मी स्वतःवरच खूश.

मॅच सौंसरला. बसमधून उतरलो, मैदानात गेलो, आणि रोशनीनं चारही बाजूंना पाहिलं.

"मॅडम, टाकी कोठी हाय?"

टाकी नव्हती. निंबही नव्हता. मैदान तळहातासारखं सपाट. मॅच सुरू व्हायला दहा मिनिटं! मी इकडे पाहिलं, तर समोस्याचा ठेला. तिकडे पाहिलं, तर मॅचचे प्रमुख पाहुणे ज्या जीपमध्ये आले ती पांढरी जीप.

"ऐका वं. आज 'ठेल्याकडे' अन् 'जीपकडे'. समजलं?"

समजलं. पहिल्या हाफमध्ये सौंसरच्या मुलींना फट सापडली नाही. शून्य-शून्य! प्राचार्य खुर्ची सरकवून माझ्याजवळ आले. "मॅडम, कमाल करून राहिल्या तुम्ही!" मी पदर नीट केला.

दुसरा हाफ. ऊन वाढलं. जीपच्या ड्रायव्हरला वाटलं, गाडी सावलीत लावावी. त्यानं ती हळूच सुरू केली आणि आमच्या गोलच्या मागून वळवली. मला काय माहीत? मी बॉल पाहून राहिली होती. जीप आधी उभी होती त्या बाजूला बॉल गेला आणि मी जीव तोडून ओरडली, "जीपकडे!"

चौघी वळल्या. ओळीत. गोलच्या बाजूनं निघाल्या, रेघ ओलांडली आणि मैदानाबाहेर गेल्या.

"जीपकडे! जीपकडे सरका!" मी आणखी ओरडली.

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं, तर चार पोरी मागं लागलेल्या. घाबरला बिचारा. त्यानं गाडी पळवली. चौघींनीही वेग वाढवला. पण एक सांगते, आपसातलं अंतर? बोटभर तुटलं नाही.

"मॅडम, मी पण जाऊ का?" कोमलनं माझ्याकडे वळून विचारलं.

बॉल जिच्यापाशी होता, त्या सौंसरच्या मुलीनं आधी रेफरीकडे पाहिलं. रेफरी जीपकडे पाहत होता. मग तिनं चालत येऊन बॉल गोलमध्ये नेऊन ठेवला.

जीप ठेल्यापाशी थांबली. ड्रायव्हर हात जोडून खाली उतरला. "काऊन पळून राहिल्या वं माह्या मागं? कोणाले लागलं काय?"

"नाही दादा," रोशनी धापा टाकत बोलली, "मॅडमनं जीपकडे सांगतलं."

एक-शून्यनं हरलो. मी सायकल स्टँडची मनाची तयारी करून बसली. पण पाहुणे स्वतः प्राचार्यांपाशी आले.

"सर, अशी एकजूट मी पाहिली नाही. ही टीम सोडू नका."

पाहुण्यांसमोर प्राचार्य काय बोलणार? "नाही नाही, टीम राहील," म्हणाले. माझं काय, ते बोलले नाहीत.

मग पाहुणे माझ्याकडे वळले. "अन् मॅडम, शाळेत तुम्ही शिकवता काय?"

प्राचार्यांनी मान खाली घातली.

"भूगोल," मी म्हटलं.