पोराला घरी नेऊ नका

वर्ध्याला खेड्यांतून कॉलेजात शिकायला आलेल्या मुलांचं एक छोटं वसतिगृह होतं. एकोणीसशे पन्नासनंतरची काही वर्षं मी तिथं स्वयंपाक केला. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मुलं मला काकू म्हणत आणि भाकरी जाड झाली की तोंडावर सांगत.

एका वर्षी कॉलेज उघडलं आणि पाठोपाठ फ्लूची साथ आली. मुलांनी गळ्यात कापराच्या पुरचुंड्या बांधल्या, आणि तोंड पुसायला मात्र खिळ्यावरचा एकच टॉवेल सगळ्यांना. मी तो चुलीत घातला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, या तापाला मारणारं औषध नाही. पडून राहायचं, पातळ घ्यायचं, भांडी वेगळी ठेवायची आणि दुसऱ्याच्या तोंडावर खोकायचं नाही. मी आलं आणि गवती चहाचा काढा, मुगाचं पाणी, भाताची पेज एवढं करत राहिले. तापात लंघन करायचं म्हणणाऱ्यांनाही पेज पाजली.

जवळच्या आंजी गावचा एक मुलगा जास्त आजारी होता. एकोणीस-वीस वर्षांचा, लग्न झालेला. त्या काळी शिकायला येणारी पुष्कळ मुलं लग्न करूनच येत. त्याची बायको घरी होती, दिवस भरत आलेले. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं.

कोणीतरी निरोप नेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे आईवडील बैलगाडी घेऊन दारात. गाडीत गवत पसरून वर गोधडी टाकलेली. आजारी लेकरू परक्या ठिकाणी ठेवणं ही आपल्याकडे लाजेची गोष्ट.

मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "मावशी, पोराला घरी नेऊ नका."

"काऊन? माह्या पोराले न्यायले तुमची परवानगी लागते का?"

"घरी याचं अंथरूण-पांघरूण कोण करेल?"

"त्याची बायको करीन. अजून कोन?"

"तेच सांगतेय. हा ताप तिला लागला तर दोन जिवांवर बेतेल. न्यायचंच असेल तर आधी सुनेला दुसरीकडे ठेवा."

"तिले कुठं ठेवू? तिले माय नाई, भाऊ नाई."

मुलगा भिंतीला टेकून बसला होता. त्याला घरी जायचं होतं, तोंडावर दिसत होतं. शेजारच्या खाटेवर आर्वीचा एक मुलगा तापातच पडला होता. तो म्हणाला, "जाऊ द्या काकू त्याले. तापात बायकोचंच नाव घेऊन राह्यला. आमाले झोपू देत नाई."

आंजीच्या मुलाचा बाप हसला. आई हसली नाही. तिनं मला विचारलं, "मंग तुमी पाहान का माह्या लेकराले? आईसारखं?"

खोटं बोलायची मला सवय नव्हती. "नाही," मी म्हटलं. "पाणी देईन, पेज देईन. पण अर्धं वसतिगृह पडलंय. आईसारखं एकेकाच्या उशाशी बसायला मला जमायचं नाही."

तिनं पोराच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग नवऱ्याला म्हणाली, "तुमी जा. वावरात निंदन सुरू हाये. मी इथंच राह्यतो."

मुलांच्या वसतिगृहात बाई ठेवायचा नियम नव्हता. पण नियम सांगणारे गृहपाल स्वतःच तापानं पडले होते. तिला स्वयंपाकघरालगतच्या कोठीत जागा दिली. ती पोराजवळ बसे, आणि तो झोपला की बाकीच्यांना पेज पाजे. मला तिचा उपयोग झाला. तो तापातून उठला आणि ती तापानं पडली. हे होणार हे मला दिसत होतं, तिलाही दिसत असावं.

आता पोरगा आईचं करू लागला. पहिला काढा त्यानं इतका आटवला की चमचा उभा राहिला असता. ती म्हणाली, "तापानं नाई मरत मी, तुह्या काढ्यानं मरतो."

ती पडलेली असतानाच गावाहून निरोप आला. सून मोकळी झाली, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. ती तशीच उठली, लुगडं सावरलं आणि चालत निघते म्हणाली. अंगात ताप होता. या वेळी मला अडवावं लागलं नाही. पोरगाच दारात जाऊन उभा राहिला.

"माय, तू नाई जायचं."

"बाजूले सरक. बाळंतिनीपाशी कोन हाये तिथं?"

"सुईन हाये, काकी हाये. तू जाशीन तर ताप घेऊन जाशीन."

"तुह्या पोरीले पाह्यचं नाई का तुले?"

"पाह्यचं हाये," तो म्हणाला, आणि हलला नाही.

ती परत येऊन भिंतीकडे तोंड करून निजली. दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, पेज मात्र त्याच्याच हातून घेतली.

बरी होऊन गेली तेव्हा नात बऱ्याच दिवसांची झाली होती. गाडीत चढताना मला म्हणाली, "माह्या सुनेनं बाळंतपन माह्याबिगर काढलं. तुमच्यापायी."

मी म्हटलं, "हो."

पुढे ताप आंजीतही गेलाच. बाजाराला येणारी-जाणारी माणसं काय थोडी होती. त्यांच्या घरातही शिरला. पण तोवर सून उठून हिंडूफिरू लागली होती आणि पोर बाळसं धरत होतं. दोघींना काही झालं नाही. सून आमच्यामुळं वाचली की तशीही वाचली असती, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. त्या बाईला आपण सुनेपाशी नव्हतो एवढंच माहीत होतं, आणि ते खरं होतं.