मामांचे विज्ञानपट

उद्या मंगळावरची माणसं आपलं यान घेऊन भिवंडीत उतरली, तर ती आधी आमच्या हिच्या मामांनाच भेटतील आणि मामा त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून, दोन-चार उलटसुलट प्रश्न विचारून, "तुमी विज्ञानात बसत न्हाय" असं सांगून परत पाठवतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. विज्ञानात कोण बसतं आणि कोण नाही हे ठरवण्याचा मक्ता परमेश्वराने आमच्या मामांना दिला होता. निदान मामांची तशी समजूत होती, आणि त्यांच्याशी वाद घालण्याची हिंमत अख्ख्या गावात एका माणसाखेरीज कुणातही नव्हती.

मामा मूळचे कशेळीचे, खाडीकाठच्या शेतकरी घरातले. निजामपुऱ्याच्या एका गल्लीत त्यांचा लहानसा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. आता ज्याने लूमच्या कारखान्यात पाऊल टाकलंय त्याला सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. तिथे शेजारच्या माणसाला 'पाणी दे' म्हणायचं तरी दुष्काळ पडल्यासारखं ओरडावं लागतं. वर्षानुवर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे मामांचा आवाज कायमचा वरच्या पट्टीत जाऊन बसला होता. आमच्या लग्नात त्यांनी हिच्या कानात "सुखी रहा" असं पुटपुटून सांगितलं, ते पलीकडच्या मांडवातल्या वऱ्हाडानेही ऐकलं आणि तिकडच्या दोघा-तिघांनी हात जोडले.

तर असे हे मामा सिनेमाचे, त्यातही विज्ञानपटाचे, वेडे. बाकीचे सिनेमे ते सिनेमे धरतच नसत. ठाण्याला, मुंबईला कुठे सकाळच्या खेळाला यानाचं, यंत्राचं काही लागलं की यांना वास यायचा. बघून आले की शिफारशी सुरू, आणि मामांची शिफारस म्हणजे कोर्टाचं समन्स. लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना ठाण्याला एका इंग्रजी सिनेमाला पिटाळलं. त्यात दोन माणसं एका पत्र्याच्या डब्यात बसून आळीपाळीने यंत्रांच्या काट्यांकडे बघत होती, आणि मध्यंतरानंतर त्यातला एकच उरला, तोही काट्यांकडेच बघत होता. ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून शांत झोपली. मला वाटलं, नवीन लग्न झालंय, प्रेमाने ठेवलंय. घोरायला लागली तेव्हा कळलं. घरी येऊन चहाचा कप तोंडाला लावतोय तोच मामा हजर. डब्यातली हवा का संपली, पहिला माणूस बाहेर का पडला, सगळी तोंडी परीक्षा. ही बिचारी म्हणाली, गाणी नव्हती मामा. त्यावर मामा जे दुखावले ते दिवाळीपर्यंत आमच्याकडे जेवले नाहीत.

विज्ञानपट ओळखायची त्यांची कसोटी कारखान्यातलीच होती. कापडातल्या उभ्या धाग्यांना तिथे ताना म्हणतात आणि आडव्यांना बाना. मामा म्हणायचे, विज्ञान तान्यात पायजे. ते काढून घेतलं की गोष्टीचं कापडच राहता कामा नये. नुसतं बान्यात रंगीत धागा घातल्यासारखं मधेमधे एखादं यंत्र दाखवलं, प्रोफेसरला पांढरा कोट चढवला, तर तो विज्ञानपट न्हाय, ती फसवणूक हाय. या कसोटीवर भुताचे सिनेमे सरसकट नापास. रबराचे अक्राळविक्राळ प्राणी नापास. "पाल मोठी केली म्हणून ती विज्ञान झाली का? ती मोठी पाल झाली." एका लग्नाच्या पंगतीत नवरदेवाचे आजोबा सहज म्हणाले, आपल्या पुराणात विमानं होतीच की, मग पौराणिक सिनेमे विज्ञानपटच झाले. झालं! मामांनी हातातली जिलबी पानात ठेवली आणि विचारलं, त्या विमानाचं इंजिन कुठं बसवलं होतं ते दाखवा. आजोबा चिडले. वाढपी थांबले. नवरीचा बाप घामाघूम होऊन दोघांच्या मध्ये मठ्ठ्याचा जग घेऊन उभा राहिला. शेवटी आजोबांनी "असेल मागच्या बाजूला" म्हणून इंजिन मान्य केलं, तेव्हा कुठे पंगत पुढे सरकली.

वाद घालणारा जो एक माणूस म्हटलं, ते मास्तर. उर्दू शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. अंगाने काडी, डोक्यावर पांढरी टोपी, आवाज मात्र असा की मागच्या बाकावरचा मुलगाही दचकावा. मास्तर अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलत आणि मामांना 'शेठ' म्हणत. त्यांना एक खोड होती. मुद्दा रंगात आला की समोरच्याच्या शर्टाचं वरचं बटण चिमटीत धरायचे आणि मुद्दा संपेपर्यंत सोडायचे नाहीत. मामांच्या एकाही शर्टाला वरचं बटण धड नव्हतं. मामी ते लावून लावून थकल्या आणि शेवटी म्हणाल्या, तुम्ही मास्तरांकडे जाताना बंडी घालून जात जा.

शुक्रवारी लूमची सुट्टी. त्या दिवशी हे दोघे दुपारचा खेळ बघत आणि मग गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या हॉटेलात बसून भांडत. मीही बरेचदा बरोबर असे. मास्तरांचं म्हणणं मामांच्या अगदी उलट. माणसाला 'असं झालं तर?' हा प्रश्न पडला की विज्ञानपट झाला, मग यंत्र असो वा नसो. मामा म्हणत, मग माझी बायकोपण विज्ञानपट हाय, तिलापण दिवसभर असलेच प्रश्न पडतात. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. कुणी जिंकत नव्हतं, कुणाला जिंकायचंही नव्हतं. मामांना शुक्रवार सकाळपासून चढलेला असे, आणि मास्तर घरातून निघताना मुद्दे घोकत यायचे असं त्यांच्या सुनेने मला सांगितलं होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. आमच्या गावात त्याआधी काही वर्षांपूर्वी फार वाईट दिवस येऊन गेले होते. हिंदू-मुसलमान, दोन्हीकडची घरं पोळली होती. त्याबद्दल कुणी बोलत नसे. पण भांडं जोरात पडलं तरी माणसं दारात येत, आणि एका दुकानाचं शटर अवेळी खाली आलं की पुढच्या दहांचे हात आपोआप आपापल्या शटरकडे जात.

त्या शुक्रवारी दोघांनी बघितलेला सिनेमा हिंदी होता. एक प्रोफेसर म्हाताऱ्याला तरुण करणारी पेटी बनवतो. गावचा म्हातारा सावकार पेटीत शिरतो, काळेभोर केस घेऊन बाहेर येतो, नाचतो, गातो, प्रेमात पडतो आणि शेवटच्या रिळात बाजेवर जागा होतो. सगळं स्वप्न! मामा थिएटरातून निघाले तेच धुमसत. पेटी स्वप्नातली, म्हणजे पेटी नव्हतीच, म्हणजे विज्ञान नव्हतंच, म्हणजे अडीच तास आपल्याला उल्लू बनवलं. मास्तरांना तो सिनेमा का कोण जाणे फार मनाला लागला होता. ते म्हणत होते, म्हाताऱ्याने पेटीत जावं की नाही हा सवाल खरा होता ना? मी स्वतः खुर्चीत बसून विचार केला, मी गेलो असतो का? मग स्वप्न कसं?

एरवी आसपासचे लूम चालू असते तर त्या आवाजात हे सगळं बुडालं असतं. पण शुक्रवार. सगळे कारखाने बंद, गल्ली चिडीचूप, आणि त्या शांततेत मामांचा तो कारखान्यातला आवाज. "फसवलंय आपल्याला! न्हाय चालू द्यायचं असलं!" मास्तर उठून उभे राहिले. त्यांनी मामांचं बटण धरलं. मामाही उभे राहिले, आणि त्यांच्या हाताने बाकावरचा कप खाली पडून फुटला.

लांबून काय दिसलं असेल? टोपीवाल्या मास्तरांनी शेठची गचांडी धरलीय आणि शेठ ओरडतायत.

पहिलं शटर पडलं तेव्हा मी तिकडे नुसतं बघितलं. दुसरं, तिसरं पडलं आणि मी बाकावरून उठलो. हॉटेलवाला बाहेरची बाकडी आत ओढायला लागला. वरच्या खिडकीतून एक बाई मुलांना हाका मारत होती, आणि ती हाक जेवायला बोलावण्याची नव्हती. गल्लीच्या या टोकाला काही माणसं जमली. त्या टोकालाही जमली. एकाच्या मुठीत लूमचा धोटा होता, तो टोकाला लोखंड बसवलेला लाकडी तुकडा, सूत नेतो तो. मी मामांचा दंड धरून हलवला. मामांनी तो झटकला. "थांब रे, माझा मुद्दा व्हायचाय अजून."

"मामा, मागे बघा," मी म्हटलं.

मामांनी बघितलं. मास्तरांनीही बघितलं. बटण सुटलं.

मामा हात वर करून लोकांना ओरडून सांगायला लागले की अरे, सिनेमावरून बोलतोय आम्ही, दुसरं काय न्हाय. पण सिनेमावरून कुणी असं भांडतं का? कुणाचाच विश्वास बसेना. उलट त्यांच्या ओरडण्याने दोन्हीकडची माणसं आणखी चार पावलं पुढे आली. धोटेवाल्याने मास्तरांकडे बघत बाही वर केली. मला आठवतं, मी देवाचं नाव घ्यायला गेलो आणि तेही मनातल्या मनात घेतलं, कुणी ऐकेल म्हणून.

तेव्हा मामांनी ते केलं जे त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. त्यांनी मास्तरांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर, तुमचं बरोबर हाय. मी हरलो. तो विज्ञानपटच हाय."

मास्तर त्यांच्या कानाशी वाकले. मग अगदी हळू, फक्त आम्हाला ऐकू येईल असं, म्हणाले, "शेठ, झूठ मत बोलो."

मामांनी मान किंचित हलवून गर्दीकडे खूण केली. मास्तर शहाणे. त्यांनी लगेच मोठ्याने हॉटेलवाल्याला सांगितलं की शेठ हरलाय, सगळ्यांना चहा पाज, पैसे शेठ देणार. एकजण हसला. मग आणखी एक. गर्दीतून कुणीतरी विचारलं, कुठला सिनेमा? धोटेवाला म्हणाला, तो पेटीवाला ना, मी बघितलाय, शेवटी पोपट केला राव त्यांनी. आणि धोटा काखेत मारून तो बाकावर येऊन बसला. शटरं एकेक करून वर गेली. मी तो चहा कसा प्यायलो मला माहीत नाही. निम्मा बशीत होता.

घरी जाताना मामा खाली बघत चालत होते. मी समजूत काढायला म्हटलं, जाऊ द्या मामा, हरलात तर हरलात. ते थांबले. "हरल्याचं न्हाय रे. मास्तरच्या तोंडावर मी खोटं बोललो. इतक्या वर्षांत कदी बोललो न्हवतो."

पुढच्या शुक्रवारी दोघे आले, त्याच बाकावर बसले, आणि हळू आवाजात बोलले. मास्तर म्हणाले, शेठ, तुमची तान्याची गोष्ट एका परीने बरोबर आहे. मामा म्हणाले, न्हाय न्हाय, तुमच्या म्हणण्यातपण अर्थ हाय. असं एक नाही, किती शुक्रवार चाललं! दोघे एकमेकांना हो हो म्हणत होते, नव्याने सोयरीक जुळलेल्या व्याह्यांसारखे. मामांच्या शर्टाची बटणं जागेवर राहायला लागली, आणि मामी एकदा हिला म्हणाल्या, घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटतं गं. मामांनी शिफारशी करणंही सोडलं. ठाण्याला एक चांगला लागलाय म्हणे, एवढं म्हणायचे आणि पेपर उलटायचे. मला ते बघवत नव्हतं. माझ्यावर परीक्षक म्हणून खेकसणारे मामाच मला हवे होते.

मग थंडीच्या दिवसांत एका शुक्रवारी सकाळी मामा दारात उभे. म्हणाले, चल, वज्रेश्वरीला जायचंय. देवदर्शनाचा आणि मामांचा संबंध मला माहीत होता, म्हणून मी चकित झालो. एसटी स्टँडवर मास्तर डबा घेऊन उभे होते. गाडीत दोघे खिडकीबाहेर बघत बसले. उतरल्यावर देवळाच्या, दुकानांच्या बाजूला न वळता ते सरळ नदीकडे चालायला लागले, गरम पाण्याच्या कुंडांनाही मागे टाकून, पार जिथे पायवाट संपते तिथे. पलीकडच्या काठाला वालाचं शेत होतं आणि काही बायका शेंगा तोडत होत्या. बाकी कुणी नाही. दोघे एकेका दगडावर बसले. मामांनी चपला काढल्या.

"बोला," मामा म्हणाले. "त्या पेटीचं काय म्हणत होता तुमी?"

मास्तरांचा चेहरा असा उजळला! त्यांनी हात पुढे करून मामांचं वरचं बटण चिमटीत धरलं आणि सुरुवात केली. मामांनी अर्ध्यावर तोडलं. पेटी न्हवतीच! मास्तर म्हणाले, होती! मामांचा आवाज चढला, चढला, आणि एकदम तुटला. त्यांनी मान वळवून मागे बघितलं. पायवाटेवर कुणी नव्हतं. मी तसं सांगितलं. तरी ते पुन्हा बघत राहिले, आणि पुढचं वाक्य पार कुजबुजीत आलं. सिनेमावर भांडायला दोन म्हातारे तिकीट काढून इतक्या लांब आले होते आणि इथेही त्यांना गल्ली सोडत नव्हती.

मास्तरांनी बटण सोडलं नाही. उलट जरा ओढलं.

"शेठ," ते म्हणाले, "जोर से बोलो. सुनाई नहीं देता."

मामा ओरडले. तो आवाज नदी ओलांडून गेला. शेंगा तोडणाऱ्या बायकांनी मान वर करून इकडे बघितलं, आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या.